'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' का चुकतं? इंग्रजीतली स्थितीची क्रियापदं आणि कृतीची क्रियापदं

खडूफळा :

इंग्रजी व्याकरणाच्या बहुतेक गाइडांत एक चौकट असते. नो, बिलीव्ह, लाइक, वाँट, नीड, ओन, बिलाँग, कन्टेन, सीम वगैरे पंचवीस-तीस शब्द, आणि वर मथळा : 'या क्रियापदांना आयएनजी लावत नाहीत.' मुलं ती चौकट पाठ करतात. पुढच्याच आठवड्यात वर्तमानपत्रात 'द गव्हर्न्मेंट इज थिंकिंग ऑफ...' असं वाक्य दिसतं, थिंक तर चौकटीत होतं, आणि चौकटीवरचा विश्वास उडतो. दादर-परळच्या क्लासांतून बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षांची तयारी करणारे बरेच जण इथे अडकतात, म्हणून हा धागा.

मूळ मुद्दा असा की स्टेटिव्ह (स्थितीचं) किंवा डायनॅमिक (कृतीचं) हा शिक्का क्रियापदाच्या कपाळावर नसतो. तो त्या वाक्यातल्या अर्थावर असतो. 'आय थिंक मुंबई इज एक्स्पेन्सिव्ह' हे मत आहे, म्हणजे स्थिती. 'आय ॲम थिंकिंग अबाउट द ऑफर' ही डोक्यात चाललेली कृती आहे. शब्द तोच, काम वेगळं.

स्थिती कशी ओळखायची? ती जितका काळ असते, त्यातल्या कुठल्याही क्षणी पूर्णच असते. तिला सुरुवात-मध्य-शेवट अशी वाटचाल नसते. मला तुमचा पत्ता माहीत आहे, तर तो आता जितका माहीत आहे तितकाच पाच मिनिटांनी माहीत असेल. मी जेवतोय म्हटलं की मात्र जेवण पुढे सरकत असतं. इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ ही पुढे सरकणारी गोष्ट मधूनच पकडून दाखवतो. जिथे काही सरकतच नाही तिथे त्याला पकडायला काही मिळत नाही, म्हणून 'आय ॲम नोइंग युअर ॲड्रेस' कानाला खटकतं. आयएनजी न लावणं हा नियम या कारणातून आलेला आहे. कारण कळलं तर यादी लागत नाही.

वापरायला सोपी अशी एक कसोटी : माणूस गाढ झोपलेला असतानाही वाक्य खरं राहतं का? 'शी ओन्स अ फ्लॅट इन मुलुंड', 'ही लाइक्स क्रिकेट', 'शी नोज कन्नडा', 'धिस बॅग बिलाँग्ज टू हिम' ही सगळी झोपेतही खरी. 'शी इज थिंकिंग अबाउट द लोन' झोपेत खरं नाही.

दुसरी कसोटी साध्या वर्तमानकाळाची. 'आय ड्रिंक टी' म्हणजे मला चहाची सवय आहे, आत्ता कप हातात असेलच असं नाही. 'आय नीड टी' म्हणजे आत्ता हवा आहे. साध्या वर्तमानकाळात टाकल्यावर अर्थ 'आत्ता' निघाला तर स्थिती, 'नेहमी' निघाला तर कृती. माझ्या मते सगळ्या कसोट्यांत ही सर्वांत भरवशाची.

अनुस्वार :

उत्तम धागा, सर. मराठी माणसाकडे आणखी एक हत्यार आहे आणि ते क्लासांत कुणी वापरत नाही.

मराठीत अनुभवाच्या, मनाच्या बऱ्याच स्थिती 'मला' घेऊन येतात : मला माहीत आहे, मला आवडतं, मला हवंय, मला आठवतं, मला वाटतं, मला समजतं, मला दिसतं, मला ऐकू येतं. मी ते करत नाही, ते मला होतं. इंग्रजीत या सगळ्यांचा कर्ता 'आय' होतो, त्यामुळे वरवर ती कृती वाटते. वाक्य मनात मराठीत 'मला' घेऊन येत असेल तर इंग्रजीत आयएनजी लावण्याआधी थांबायचं.

याचा खरा फायदा ज्ञानेंद्रियांच्या क्रियापदांत होतो. इंग्रजीत टेस्ट, स्मेल, फील ही एकेकच क्रियापदं दोन-दोन कामं करतात. मराठीत ती कामं आधीच वेगळी झालेली आहेत.

मला माशाचा वास येतोय : 'आय कॅन स्मेल फिश.' मी माशाचा वास घेऊन बघतोय : 'आय ॲम स्मेलिंग द फिश.' मासळीबाजारात पापलेट ताजं आहे का हे पाहणारी बाई दुसरं वाक्य वापरेल. आणि मासा खराब झालाय, वास मारतोय : 'द फिश स्मेल्स बॅड.' इथे मराठीत 'मारतोय' असलं तरी इंग्रजीत आयएनजी नाही, कारण ते माशाचं वर्णन आहे.

तसंच टेस्ट. आमटी खारट लागतेय : 'द आमटी टेस्ट्स सॉल्टी.' ती आमटीची चव बघतेय : 'शी इज टेस्टिंग द आमटी.' 'लागणे' आलं की स्थिती, 'घेणे' किंवा 'बघणे' आलं की कृती.

वजनाचंही असंच. पिशवी वीस किलो भरते : 'द बॅग वेज ट्वेंटी किलोज.' भाजीवाला कांदे तोलतोय : 'ही इज वेइंग द अन्यन्स.' इथे 'मला' नाही, पण 'भरणे' आणि 'तोलणे' ही दोन वेगळी क्रियापदं तेच सांगतात.

पाऊलवाट :

अनुस्वारताई, मग फोनवर 'आय ॲम नॉट हिअरिंग यू' म्हणतात ते चूकच ना? बरोबर काय? 'आय डोन्ट हिअर यू' फारच तुटक वाटतं.

अनुस्वार :

'आय कान्ट हिअर यू.'

दिसणं, ऐकू येणं, वास येणं, जाणवणं या अनुभवांना इंग्रजी आयएनजीच्या जागी 'कॅन' वापरतं. 'मला समुद्र दिसतोय' म्हणजे 'आय कॅन सी द सी.' इथे कॅनचा अर्थ क्षमता असा घ्यायचा नाही, 'आत्ता दिसतंय' एवढाच घ्यायचा. 'आय ॲम सीइंग' वेगळ्याच अर्थानं येतं : 'आय ॲम सीइंग द डॉक्टर ॲट फाइव्ह' म्हणजे भेट ठरली आहे. आणि 'आय ॲम सीइंग हर' म्हणजे आमचं प्रेमप्रकरण सुरू आहे. त्यामुळे ऑफिसमधल्या सहकारी बाईबद्दल 'आय ॲम सीइंग हर डेली इन द ट्रेन' असं कुणी लिहिलं तर वाचणाऱ्याचा खराखुरा गैरसमज होईल. 'आय सी हर एव्हरी डे ऑन द ट्रेन' म्हणावं.

पागोळी :

'मला' ची युक्ती चांगली आहे, पण मराठीतली चालू काळाची रूपं जशीच्या तशी इंग्रजीत नेली की दोन्ही बाजूंनी घात होतो, हे मांडायला हवं.

एक बाजू : मराठी स्थितीला सहज चालू काळ लावते. 'मला वाटतंय', 'मला कळतंय', 'आता मला आवडतंय'. यात काहीच वावगं नाही. शिवाय 'माहीत आहे', 'दोन भाऊ आहेत', 'गरज आहे' यांत तो 'आहे' बसलेलाच असतो. 'मी जात आहे' मधल्या 'आहे' ला शाळेपासून 'ॲम गोइंग' ची सवय लावलेली असते. त्याच सवयीनं 'मला दोन भाऊ आहेत' चं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' होतं. शीर्षकातल्या चुकीचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. दोन्ही 'आहे' वेगळे. 'जात', 'करत', 'लिहीत' असं 'त' लागलेलं रूप आधी असेल तरच तो चालू काळाचा 'आहे'.

दुसरी बाजू कुठल्या गाइडात दिसत नाही. काही ठिकाणी इंग्रजीत आयएनजी असतं आणि मराठीत पूर्ण काळ असतो.

तो खुर्चीत बसलाय : 'ही इज सिटिंग इन द चेअर.'
तो खुर्चीत बसतोय : 'ही इज सिटिंग डाउन.'
ती पैठणी नेसलीये : 'शी इज वेअरिंग अ पैठणी.'
ती पैठणी नेसतेय : 'शी इज पुटिंग ऑन अ पैठणी.'
बाळ झोपलंय : 'द बेबी इज स्लीपिंग', किंवा 'इज अस्लीप'.

मराठी विद्यार्थी 'बसलाय' चं 'ही हॅज सॅट' करतो आणि 'नेसलीये' चं 'शी हॅज वोर्न'. दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात, पण चित्राचं वर्णन करा म्हटल्यावर ती चालत नाहीत. शरीराची ठेवण आणि अंगावरचे कपडे या तात्पुरत्या अवस्था इंग्रजी आयएनजीनं सांगतं : सिटिंग, स्टँडिंग, लाइंग, लीनिंग, वेअरिंग, होल्डिंग.

पण प्रत्येक 'लाय-लीये' ला आयएनजी लावू नका. 'भूक लागलीये', 'दमलोय', 'दार उघडं राहिलंय' यांना इंग्रजीत विशेषण लागतं : हंग्री, टायर्ड, ओपन. 'पाऊस थांबलाय', 'पैसे संपलेत' यांना पूर्ण वर्तमानकाळ लागतो : 'द रेन हॅज स्टॉप्ड', 'द मनी हॅज रन आउट'. थोडक्यात तीन वाटा आहेत आणि ठेवण-कपडे एवढीच पहिली वाट.

उभ्या असलेल्या वस्तूंबद्दल आणखी एक. कायम तिथेच असलेली वस्तू असेल तर साधा काळ : 'द गेटवे ऑफ इंडिया स्टँड्स ॲट अपोलो बंदर.' तात्पुरती असेल तर आयएनजी : 'अ टॅक्सी इज स्टँडिंग आउटसाइड द गेटवे.' गेटवे १९२४ पासून तिथे आहे, टॅक्सी दोन मिनिटांत निघेल.

खडूफळा :

पागोळी, 'आहे' चं हे विश्लेषण फार मोलाचं. त्याला जोडून कायम आणि तात्पुरतं हा फरक मुलाखतीत किती महाग पडतो ते लिहितो.

'व्हेअर डू यू लिव्ह?' असं विचारल्यावर मुंबईत सर्रास उत्तर येतं, 'आय ॲम स्टेइंग इन डोंबिवली.' ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस याचा अर्थ घेईल की सध्या डोंबिवलीत मुक्काम आहे, घर दुसरीकडे. जन्मापासून तिथे राहणाऱ्यानं 'आय लिव्ह इन डोंबिवली' म्हणावं. पीजीमध्ये सहा महिने राहणाऱ्यानं 'आय ॲम लिव्हिंग इन अंधेरी ॲट द मोमेंट' म्हणणं अगदी बरोबर. 'आय ॲम वर्किंग इन अ बँक' आणि 'आय वर्क इन अ बँक' यांतही हाच फरक. कंपनीबद्दल 'अवर कंपनी इज मेकिंग केबल्स' नको, 'मेक्स केबल्स'. केबल बनवणं हा त्यांचा धंदाच आहे.

बघा, मेक आणि वर्क ही कृतीची क्रियापदं आहेत आणि तरी इथे आयएनजी नको. म्हणजे प्रश्न क्रियापदाचा नाही, वाक्यातली गोष्ट कायमची आहे की सध्यापुरती याचा आहे.

सायंतारा :

सिन्स-फॉर बद्दल कुणीतरी लिहा. स्पॉट द एररमध्ये हेच सर्वांत जास्त येतं.

घडीपत्रिका :

मी लिहितो.

मराठीत 'पासून' आलं तरी क्रियापद वर्तमानातच राहतं : मी त्याला २०१० पासून ओळखतो. सरळ भाषांतर 'आय ॲम नोइंग हिम सिन्स २०१०'. यात दोन चुका एकत्र आहेत आणि परीक्षक नेमकी अशीच वाक्यं निवडतो. पहिली चूक काळाची : भूतकाळात सुरू होऊन आत्तापर्यंत आलेल्या गोष्टीला इंग्रजीत पूर्ण काळ लागतो. दुसरी चूक आयएनजीची. दुरुस्ती दोन पायऱ्यांत करा.

पायरी एक : सिन्स किंवा फॉर आहे आणि गोष्ट अजून चालू आहे? मग हॅव किंवा हॅज आणा.
पायरी दोन : क्रियापदाचा अर्थ स्थितीचा की कृतीचा? स्थिती असेल तर नुसतं तिसरं रूप : 'आय हॅव नोन हिम सिन्स २०१०.' कृती असेल तर बीन आणि आयएनजी : 'आय हॅव बीन वेटिंग सिन्स धिस मॉर्निंग.'

पहिली पायरी करून दुसरी विसरली की 'आय हॅव बीन नोइंग हिम' तयार होतं. हे दिसायला भारदस्त, त्यामुळे पर्यायांत मुद्दाम ठेवलेलं असतं.

सर्वांत जास्त गोंधळ हॅवचा. 'तिला सोमवारपासून ताप आहे' : 'शी हॅज हॅड अ फीव्हर सिन्स मंडे.' 'हे दुकान आमच्याकडे १९९८ पासून आहे' : 'वी हॅव हॅड धिस शॉप सिन्स १९९८.' दोन हॅव शेजारी शेजारी पाहून मुलं एक खोडतात. खोडू नका. पहिला सहायक, दुसरा मुख्य क्रियापद.

लिव्ह आणि वर्क यांना दोन्ही चालतं : 'हॅव लिव्ड', 'हॅव बीन लिव्हिंग'. आणि 'आय हॅव बीन मीनिंग टू कॉल यू', 'आय हॅव बीन वाँटिंग टू सी दॅट प्ले' ही शुद्ध इंग्रजी वाक्यं आहेत. बरेच दिवस मनात घोळणारी इच्छा तिथे सांगायची असते. परीक्षेत ती सहसा येत नाहीत, वाचनात आली तर दचकू नका.

तळटीप :

वरच्या कसोट्यांना एक इशारा जोडतो, कारण काही क्लासांत आज्ञार्थाची कसोटी शिकवतात : 'नो द आन्सर!' म्हणता येत नाही म्हणून नो स्थितीचं, 'रन!' म्हणता येतं म्हणून रन कृतीचं. 'डेलिबरेटली' लावून पाहणं, 'ही परस्वेडेड मी टू...' मध्ये बसवून पाहणं हीही त्याच घरातली.

या कसोट्या वेगळीच गोष्ट मोजतात. त्या मोजतात हेतू : कर्त्यानं ते मुद्दाम केलं का. 'द आइस इज मेल्टिंग', 'इट इज रेनिंग' इथे आज्ञा देता येत नाही, हेतूही नाही, तरी दोन्ही कृतीची, कारण गोष्ट पुढे सरकते आहे. उलट 'नो युअर राइट्स', 'लव्ह युअर नेबर' या आज्ञा रूढ आहेत आणि क्रियापदं स्थितीची. म्हणून आज्ञार्थाच्या कसोटीवर एकटीवर निर्णय देऊ नका.

कर्मणी प्रयोग होतो का, या कसोटीचंही तेच. हॅव, कॉस्ट, लॅक, रिझेम्बल यांचा कर्मणी होत नाही, पण नो, लव्ह, ओन यांचा होतो. 'द बिल्डिंग इज ओन्ड बाय द ट्रस्ट' शुद्ध आहे.

ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी : झेनो वेंडलर या तत्त्वज्ञानं १९५७ साली दोनाऐवजी चार वर्ग मांडले आणि भाषाशास्त्रात ते आजही पायाभूत मानले जातात. मराठीत सांगायचं तर स्थिती, चालती क्रिया, पूर्णत्वाला जाणारी क्रिया आणि क्षणात घडणारी घटना.

माहीमचा पत्ता माहीत असणं ही स्थिती. शिवाजी पार्कात चालणं ही चालती क्रिया : कुठेही थांबलात तरी 'चाललो' म्हणता येतं. दादरहून माहीमला चालत जाणं ही पूर्णत्वाला जाणारी क्रिया : सिटीलाइटपाशी थांबलात तर 'माहीमला चालत गेलो' म्हणता येत नाही. माहीमला पोचणं ही क्षणाची घटना. चालत्या क्रियेला 'फॉर ॲन अवर' लागतं, पूर्णत्वाच्या क्रियेला 'इन ॲन अवर'.

चौथ्या वर्गाला आयएनजी लावलं की अर्थ होतो 'घटना अजून घडलेली नाही, घडण्याच्या बेतात आहे'. 'द ट्रेन इज अरायव्हिंग' म्हणजे गाडी अजून फलाटावर लागलेली नाही. मुंबईत रोज हजार वेळा म्हटलं जाणारं 'आय ॲम रीचिंग इन टेन मिनिट्स' इथे अडतं, पण आयएनजीमुळे नाही : रीचला कर्म लागतं, कुठे पोचणार ते. 'आय विल बी देअर इन टेन मिनिट्स' हे स्वाभाविक इंग्रजी.

खोकणं, दार वाजवणं या क्षणिक क्रियांना आयएनजी लागलं की पुन्हा पुन्हा असा अर्थ येतो. 'ही इज कॉफिंग' म्हणजे एकदाच खोकला असं नाही.

खडूफळा :

तळटीप सर, साध्या वर्तमानकाळाची कसोटी मी सर्वांत भरवशाची म्हटली, तिच्या मर्यादाही इथेच नोंदवतो. क्रिकेटच्या समालोचनात 'ही स्टेप्स आउट अँड हिट्स इट ओव्हर लाँग ऑन' येतं : कृती, साधा काळ, आणि अर्थ आत्ताचा. 'आय प्रॉमिस', 'आय अपॉलजाइज' ही बोलताक्षणीच घडणारी कृती. वेळापत्रकात 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट ८:१०'. या तीन जागा वगळून कसोटी लावा.

सावली_ठाणे :

मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. आपण सगळे 'चूक' म्हणतोय. स्थितीच्या क्रियापदांना आयएनजी लावणं हे भारतीय इंग्रजीचं जगभर नोंदलेलं वैशिष्ट्य आहे, आणि इतर काही देशांच्या इंग्रजीतही ते सापडतं. करोडो लोक बोलतात, एकमेकांना समजतं. शिवाय मॅकडॉनल्ड्स २००३ पासून 'आय ॲम लव्हिन इट' म्हणतंय, त्याला कोण चूक म्हणतं?

तळटीप :

आक्षेप रास्त आहे आणि भारतीय इंग्रजीला कमी लेखायचा कुणाचा हेतू नसावा. पण ती दोन उदाहरणं एका पंक्तीतली नाहीत.

'लव्हिन इट' मध्ये लव्हचा अर्थच बदललाय. 'आय लव्ह इट' म्हणजे मला हे आवडतं, नेहमीच. 'लव्हिन इट' म्हणजे आत्ता, या घासाला, मजा येतेय. एन्जॉयिंगच्या जवळचा अर्थ. स्थितीला तात्पुरतेपण देऊन तिची अनुभूती करणं ही इंग्रजीतली मान्य चाल आहे. दुसरी मान्य चाल हळूहळू होणाऱ्या बदलाची : 'आय ॲम लाइकिंग धिस सिटी मोअर अँड मोअर', 'शी इज रिझेम्बलिंग हर मदर मोअर एव्हरी यिअर'. आवड वाढतेय, म्हणजे पुन्हा काहीतरी सरकतंय. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' मध्ये तात्पुरतंही नाही आणि वाढतंही नाही, त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेच्या कानाला त्यात आयएनजीचं कारण सापडत नाही.

बोलताना कुणी कुणाला अडवू नये. पण परीक्षेची उत्तरपत्रिका, परदेशी जाणारा अर्ज, करारपत्र इथे प्रमाण रूप लागतं, आणि ते शिकायचा मुलांना हक्क आहे.

सावली_ठाणे :

ही विभागणी मान्य. फक्त शिकवताना 'अडाणी इंग्रजी' असे शब्द वापरू नयेत एवढंच माझं म्हणणं.

कागदपत्र :

बीकेसीतल्या ऑफिसांच्या पत्रव्यवहारात नेहमी दिसणारी वाक्यं दुरुस्तीसह देतो.

'वी आर रिक्वायरिंग द फॉलोइंग डॉक्युमेंट्स' : 'वी रिक्वायर'.
'द प्राइस इज इन्क्लूडिंग जीएसटी' : 'द प्राइस इन्क्लूड्स जीएसटी'.
'द फाइल इज कन्टेनिंग टू ॲनेक्सर्स' : 'द फाइल कन्टेन्स'.
'आय ॲम हॅविंग अ डाउट' : 'आय हॅव अ क्वेश्चन'. इथे डाउटही बदललाय, कारण भारताबाहेर डाउटचा अर्थ शंका घेणं, अविश्वास असा होतो.

विनंती मऊ करायला मात्र इंग्रजी स्वतःहून आयएनजी वापरतं : 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...', 'वी आर होपिंग टू क्लोज धिस बाय फ्रायडे'. हे शुद्धच आहे. ते पाहून 'आय ॲम वाँटिंग टू नो' लिहू नका, 'आय वाँटेड टू आस्क' लिहा.

मुलं नियम अति ताणतात अशी एक जागा सांगतो. आयएनजी नको म्हणजे चालू काळात नको. इतर कामांसाठी स्थितीच्या क्रियापदांना आयएनजी खुशाल लागतं : 'नॉट नोइंग द वे, शी आस्क्ड अ पोलिसमन', 'ओनिंग अ फ्लॅट इन मुंबई इज एक्स्पेन्सिव्ह', 'अ बॉक्स कन्टेनिंग मँगोज'. आधी ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन यांपैकी काही आहे का ते पाहायचं. नसेल तर नियमाचा संबंधच नाही.

पाऊलवाट :

'ही इज बीइंग रूड' आणि 'ही इज रूड' मध्ये नक्की काय फरक?

अनुस्वार :

मराठीचा 'पणा' लावून बघा. तो उद्धट आहे : 'ही इज रूड', स्वभावच तसा. तो उद्धटपणा करतोय : 'ही इज बीइंग रूड', आत्ताचं वागणं. हट्टीपणा, चावटपणा, वेडेपणा, आगाऊपणा हे सगळे करता येतात, म्हणून स्टबर्न, नॉटी, सिली यांना बीइंग चालतं. उंचपणा करता येत नाही, म्हणून 'ही इज बीइंग टॉल' नाही. दमलेपणाही करता येत नाही, म्हणून 'आय ॲम बीइंग टायर्ड' नाही.

सायंतारा :

सरावाला काही वाक्यं द्या ना कुणीतरी, उत्तरांसकट. थोडी आडवळणाची.

घडीपत्रिका :

घ्या. आधी स्वतः ठरवा, मग खालचं वाचा.

१. धिस कार इज बिलाँगिंग टू माय अंकल.
२. वी आर हॅविंग लंच ॲट वन.
३. हाउ लाँग आर यू ओनिंग धिस शॉप?
४. द शर्ट इज नॉट फिटिंग मी.
५. द टेलर इज फिटिंग द शर्ट.
६. माय बॅक इज एकिंग.
७. शी इज अपिअरिंग टू बी अपसेट.
८. शी इज अपिअरिंग इन अ प्ले ॲट शिवाजी मंदिर.
९. आय ॲम एन्जॉयिंग द मॅच.
१०. धिस रिपेअर इज कॉस्टिंग अस अ लॉट.

उत्तरं. १ चूक, बिलाँग्ज. २ बरोबर, हॅव इथे जेवणं. ३ चूक, 'हाउ लाँग हॅव यू ओन्ड'. ४ चूक, 'डझन्ट फिट'. ५ बरोबर, शिंपी मापाला बसवतोय. ६ बरोबर, आणि 'माय बॅक एक्स' ही बरोबर : शरीरातल्या वेदनांच्या क्रियापदांना, फीलसकट, दोन्ही चालतं आणि अर्थात फारसा फरक पडत नाही. ७ चूक, 'अपिअर्स', कारण अर्थ 'वाटते, दिसते' असा. ८ बरोबर, नाटकात काम करतेय. ९ बरोबर. एन्जॉय हे लाइकच्या शेजारचं वाटलं तरी कृतीचं आहे, आणि लाइकसोबत ते यादीत घुसवणारी गाइडं चुकतात.

सायंतारा :

दहावं राहिलं.

घडीपत्रिका :

ते मुद्दाम वेगळं ठेवलं. 'किंमत इतकी आहे' या अर्थानं कॉस्ट स्थितीचं : 'द टिकिट कॉस्ट्स टेन रुपीज', तिथे कॉस्टिंग चूक. पण दुरुस्ती चालू आहे, बिल वाढत चाललंय, पैसे जाताहेत, अशा वेळी 'इज कॉस्टिंग अस अ लॉट' शुद्ध आहे. परीक्षेत दिसलं तर वाक्यात आकडा आहे का ते पाहा. ठरलेला आकडा असेल तर बहुतेक वेळा 'कॉस्ट्स' अपेक्षित असतं. 'अ लॉट', 'अ फॉर्च्युन', 'मोअर दॅन वी एक्स्पेक्टेड' असं काही असेल आणि काम अजून सुरू असेल, तर 'इज कॉस्टिंग' ला चूक ठरवू नका, उरलेल्या भागांत चूक शोधा.